सतरा नंबरच्या टाकीतले अकरा

१

सोमवारी सकाळी डॉ. शुभदा गरुड हैदराबादहून परतल्या. बॅग दारातच टाकून त्या थेट संशोधन संस्थेच्या मत्स्यघरात गेल्या, सतरा नंबरच्या टाकीपुढे वाकल्या आणि तशाच खाली फरशीवर बसल्या. टाकीत तीस मासे असायला हवे होते. एकोणीस होते.

तासाभरात इनायत मुलाणी तिथं हजर झाले. शुभदाच्या वडिलांचे हे जुने स्नेही. वडगावच्या कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदाराला म्हणायचं काय होतं ही वकिलांची डोकेदुखी, त्यानं म्हटलं काय एवढंच आपलं काम, असं ते ताठ मानेनं सांगत. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नव्हती. खिशात वही, कानावर पेन्सिल आणि कपाळावर कायमची आठी. लोणावळ्याच्या तुंगार्लीत कुणाचं काही हरवलं की पोलिसांच्या आधी त्यांना बोलावणं जाई, आणि ते कुरकुरत का होईना, येत.

"माशांची चोरी," ते म्हणाले. "एवढंच पाहायचं राहिलं होतं. किती मोठे?"

"बोटाच्या दोन पेरांएवढे." शुभदाचे डोळे सुजले होते. "झेब्राफिश. अंगावर निळे-काळे आडवे पट्टे असतात. काका, हे पट्टे ज्या रंगपेशींचे बनतात, तशाच पेशी आपल्या कातडीत असतात, आणि त्यांना घडवणारी जनुकंही बरीचशी तीच. माणसाच्या अंगावर पांढरे डाग का पडतात, ते या माशांत शोधतोय आम्ही. या तीसही माशांत एक जनुक बिघडलेलं होतं. दिवाळीपर्यंत सगळ्यांचे पट्टे तुटून डाग पडले. आणि मग दोन महिन्यांत अकरा जणांचे पट्टे परत भरून आले. आपोआप."

"म्हणजे बरे झाले?"

"बरे झाले. त्यांच्यात दुसरं एखादं जनुक असं बदललं होतं, की त्यानं पहिल्याची उणीव भरून काढली. ते कुठलं, हे शोधायचं होतं. आज शेपटीचा कण काढून तपासायला घेणार होते."

"पुन्हा पैदास करता येणार नाही?"

"आईबाप म्हातारे होऊन मेले. उरलेल्या एकोणिसांत तो बदल नाही. असता तर त्यांचेही पट्टे भरले असते."

इनायतकाका खालच्या रांगेकडे पाहत राहिले. शेवटच्या दोन टाक्यांतले मासे काचेशी गर्दी करून खाणं मागत होते. त्या टाक्यांवर बाकीच्यांसारखी चिठ्ठीही नव्हती.

"कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मला. आकाशला, तो माझा पीएचडीचा विद्यार्थी. आणि अजीमला, आमचा तंत्रज्ञ. येसूबाई खाणं घालतात, टाक्या साफ करतात, पण त्यांना या अकरांचं सांगितलंच नव्हतं. टाकी पंधरा दिवसांपूर्वी वरच्या मजल्यावरून इथं खालच्या रांगेत आणली, तोवर तिथलं सगळं आकाश आणि अजीमच बघायचे. येसूबाईंना मी शनिवारी सकाळी फक्त निरोप पाठवला, खालच्या रांगेतले बिनकामाचे मासे काढून टाका म्हणून. नव्या पिल्लांना जागा हवी होती."

"काढून टाका म्हणजे?"

"बर्फाच्या पाण्यात सोडायचे. क्षणात जातात. मग सोमवारी सकाळी भट्टी."

काकांनी एकोणीस मासे पुन्हा मोजले. एकूण एक डागाळलेला. तिसांतून नेमके बरे झालेले अकरा कुणीतरी वेचून नेले होते आणि निवडताना एकदाही चुकलं नव्हतं.

"शुभे, चोर बाहेरचा नाही," ते म्हणाले.

२

अजीम बागवान तळेगावचा. तीस-बत्तीसचा, सहा वर्षं संस्थेत. शनिवारी तो दुपारी बाराला गेला होता. चावी त्याच्याकडे. आणि त्याच्या खणात बंगळुरूच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र शुभदाला सकाळीच सापडलं होतं.

"पत्र माझंच आहे," अजीम म्हणाला. "लग्न ठरतंय, चाचा. नवी नोकरी शोधणं गुन्हा आहे का?"

"तिथं मासे नेलेस तर गुन्हा."

"बारा वाजता मी निघालो तेव्हा सतरात तीस होते. मी मोजले होते. रोज मोजायचो. मॅडम हसायच्या मला, म्हणायच्या, अजीम, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा करतोस." त्याचा आवाज फुटला. "त्या पट्ट्यांचा पहिला ठिपका मी पाहिला होता. मॅडमनी नाही, आकाशनं नाही. मी."

काकांनी शब्दन्‌शब्द टिपला. माणूस खरं बोलतोय की खोटं, यावर मत द्यायची त्यांना कोर्टानं कधी मुभा दिली नव्हती. मत मात्र बनायचंच.

आकाश दुसऱ्या टोकाचा. मोजकं बोलणारा, चष्मा पुसत राहणारा. चार वर्षं त्यानं प्रबंध लिहिला होता, आणि त्याचं सार एका ओळीचं होतं. या प्रकारच्या बिघाडात गेलेल्या रंगपेशी परत येत नाहीत.

"म्हणजे ते अकरा मासे तुझ्या प्रबंधाच्या मुळावर आले होते," काका म्हणाले.

"विज्ञानात असं होतं."

"हे झालं पुस्तकातलं. तुझं काय?"

आकाशनं चष्मा पुसला. "शनिवारी मी इथं नव्हतोच," तो म्हणाला. काकांनी तेही टिपलं. आपण शनिवारचं विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या वही मिटताना लक्षात आलं.

३

येसूबाई ओव्हाळ कुरवंड्याच्या. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. मागच्या ओट्यावर बसून माशांची जाळी धूत होती.

"जय भीम, येसूबाई. कामात खोळंबा करतोय."

"जय भीम, भाऊ. बसा की. काम काय, हाताला चालूच ऱ्हातं."

"शनिवारी काय काय केलंत, तेवढं सांगा. जसं आठवेल तसं."

"सकाळी खाणं घातलं. अजीम गेला बाराला. मग बाईंचा निरोप आलता, तेवढं काम केलं. कोड न्हाई ते काढून टाकलं. बरफ करून ठिवलाच व्हता. पाचला कुलूप लावलं."

"किती काढलेत?"

"मोजले न्हाईत. जीव जात असताना मोजू ने, भाऊ. मी आपली तोंड फिरवून हुबी ऱ्हाते." तिनं जाळी झटकली. "सकाळी आठलाच भट्टीत गेले ते."

"आणि सतरातले मोलाचे मासे?"

"तेच तर मला कळंना!" येसूबाईनं जाळी खाली ठेवली. "गेले गेले म्हणून सगळी रडत्यात. आवो, कोडाचे मासे सगळे हितंच हायेत. म्या आज दोनदा बघितलं. येकबी कमी न्हाई. बाईंसारख्या शिकलेल्या बाईला काय सांगायचं, म्हून गप बसले."

काका मनातल्या मनात हसले. भोळी बाई, चोरी काय झाली हेही तिला उमगलं नव्हतं. त्यांनी वाक्य टिपलं आणि सहज विचारलं, "या माशांवर फार जीव दिसतो तुमचा."

येसूबाईनं पदराला हात पुसले.

"माझ्या लेकीला, चैतालीला हाय ते," ती म्हणाली. "हातावर, व्हटाच्या कडंला. चिक्कीच्या दुकानात काउंटरला व्हती, लोणावळ्यात. गिऱ्हाइकं तिच्या हातनं घेईनात. लागत न्हाई म्हणून किती सांगितलं. मालकानं आत पॅकिंगला बसवली, मग तिनंच सोडलं. बारावी झालीया, भाऊ. आता घराभाईर पडत न्हाई. बाईंचा निरोप तिच्याच फोनवर येतो, तेवढाच तिचा जगाशी संबंध." तिनं पुन्हा जाळी हातात घेतली. "मी तिला सांगते, बाईंचे मासे बरे झाले, की तुजा नंबर."

इनायतकाकांनी पेन्सिल थांबवली. त्यांची अमिना जाऊन तीन वर्षं झाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा झंपर घातला, आणि एकाही लग्नाच्या फोटोत ती पुढच्या ओळीत बसली नाही. त्या आजाराचं नाव घरात कुणीच घेत नसे. "ते" म्हणायचे सगळे. "ते" वाढलंय. "ते" मानेवर आलंय. आपल्याला तिची आठवण अशी भर दुपारी गाठील असं काकांना वाटलं नव्हतं. ते वही मिटून उठले.

४

मंगळवारी सकाळी आकाश स्वतःहून त्यांच्या घरी आला. रात्रभर झोपला नसावा.

"मी खोटं बोललो नाही, काका. शनिवारी नव्हतोच. पण रविवारी सकाळी तासभर आलो होतो. तेव्हाच ते अकरा नव्हते."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"मला बरं वाटलं." तो लहान मुलासारखा रडायला लागला. "पाच मिनिटं, काका. फक्त पाच मिनिटं वाटलं, की सुटलो, माझी चार वर्षं वाचली. मग इतकी लाज वाटली, की फोन उचलवेना. कदाचित तेव्हाच सांगितलं असतं तर काही हाती लागलं असतं."

काकांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्यासोबत संस्थेत गेले. आकाशनं शुभदासमोर सगळं कबूल केलं. तिनं थंडपणे हिशेब मांडला. रविवारी मासे नव्हते, म्हणजे गेले ते शनिवारीच. शनिवारी फक्त दोघं होती, येसूबाई आणि अजीम. येसूबाईंना ते अकरा कोण हे माहीत नव्हतं. मग उरलं कोण?

"तो म्हणतो, बाराला तीस होते," काका म्हणाले.

"तो म्हणतो! सोबत साक्षीदार आहे का?" शुभदा टेबलावर हात आपटून म्हणाली. "आज संध्याकाळी पाच वाजता मी अजीमला काढणार, काका. आणि मग पोलिसांत तक्रार."

खिडकीबाहेर अजीम उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तो आत आला नाही, की भांडलाही नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि फाटकाकडे चालू लागला.

५

लघुलिपीतून जबानी उतरवून काढणं हे काकांचं आवडतं काम. दुपारी एक वाजता संस्थेच्याच एका टेबलावर त्यांनी वही उघडली. अजीमचं झालं, आकाशचं झालं. येसूबाईंचं उतरवताना त्यांचा हात एका खुणेवर अडला. तीच खूण पुढे चार ओळींवर पुन्हा होती.

"कोड न्हाई ते काढून टाकलं."

"कोडाचे मासे सगळे हितंच हायेत."

पहिल्या ठिकाणी त्यांनी तो इंग्रजी शब्द धरला होता, टाकीवरच्या चिठ्ठीवर लिहितात तो सांकेतिक क्रमांक. दुसऱ्या ठिकाणी तो आजार. पण एकाच बाईनं, एका बसकीत, एकच शब्द दोन अर्थांनी वापरला असेल? कोर्टात असा साक्षीदार त्यांनी पाहिला नव्हता. शब्द दोन नव्हते. दोन अर्थ त्यांनी स्वतः करून घेतले होते.

म्हणायचं काय होतं, यात आपण पडत नाही म्हणे!

ते उठून मत्स्यघरात गेले. खालच्या रांगेत शेवटच्या दोन टाक्या, चिठ्ठी नसलेल्या. त्यांतले डागाळलेले मासे अजून काचेशी येऊन खाणं मागत होते. जे शनिवारी काढून टाकायचे होते, ते जिवंत होते. मग काढून टाकलं काय?

"शुभे!" त्यांनी हाक मारली. "या रांगेतल्या बाकीच्या टाक्यांत धड पट्ट्यांचे मासे असतात का?"

"असतातच. पंधरात, सोळात, प्रत्येकीत चार-सहा तरी."

"दाखव."

शुभदा वाकली. पंधरात पाहिलं, सोळात, अठरात. डागाळलेले मासे होते. धड पट्ट्यांचा एकही नव्हता. तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शनिवारी निरोपात नेमकं काय बोललीस? सार नको. शब्द सांग."

"म्हणाले..." ती आठवू लागली. "येसूबाई, खालच्या रांगेत ज्यांना कोड नाही, ते सगळे आज काढून टाका."

"ज्यांना," काका म्हणाले.

"ज्या टाक्यांना..."

"टाक्या तू म्हणालीच नाहीस, पोरी."

बाहेर कुठेतरी पंप सुरू होता. शुभदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चोराला नेमके अकरा ठाऊक होते म्हणून आपण जाणकार शोधत बसलो," काका हळू आवाजात म्हणाले. "धड पट्टे आणि तुटके पट्टे, हे ओळखायला पीएचडी कशाला हवी? तुझ्या-आकाशच्या तोंडी दिवसातून शंभरदा कोड म्हणजे चिठ्ठी. कुरवंड्यात कोड म्हणजे कोड. तिनं तुझा शब्द तंतोतंत पाळला. ज्यांना कोड नव्हतं, ते सगळे वेचले आणि बर्फात सोडले. त्यांत ते अकरा होते. तिच्या लेखी ते साधे, उरलेसुरले मासे." त्यांनी पेन्सिल कानावरून काढून खिशात घातली. "आणि मला हे काल कळायला हवं होतं. माझ्या घरात चाळीस वर्षं तो शब्द कुणी उच्चारला नाही, शुभे. सवयच गेली ऐकायची."

भट्टी काल सकाळी आठलाच पेटून विझली होती.

अजीमला फोन करून परत बोलावलं. शुभदानं त्याची माफी मागितली. सगळं ऐकल्यावर तो कितीतरी वेळ सतरा नंबरच्या टाकीकडे पाहत राहिला. त्याला राग आला असता तर तो त्याचा हक्कच होता.

"येसूमावशीला सांगू नका," एवढंच तो म्हणाला. "तिला सांगितलं तर ती जगणार नाही."

आकाशनं मान डोलावली. शुभदानं कागदावर लिहून दिलं, की नुकसान तिच्या स्वतःच्या चुकीच्या सूचनेमुळे झालं, त्यात कुणा कर्मचाऱ्याचा दोष नाही. खाली सही केली.

इनायतकाकांचं मात्र एक काम उरलं होतं. प्रत्यक्ष निरोप त्यांनी ऐकला नव्हता, आणि न ऐकलेलं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी कागदावर घेतलं नव्हतं.

६

कुरवंड्यात ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. येसूबाई कामावरून नुकतीच आली होती. तिनं ओसरीवर सतरंजी टाकली.

"घावला का चोर, भाऊ?"

"चोरी झालीच नाही, येसूबाई. मोजण्यात घोळ झाला होता. अजीमवरचा आळ गेला."

"बरं झालं बया! गुणाचा पोरगा हाय." तिनं हात जोडले. "आन् मासे?"

"आहेत. तुमचे कोडाचे मासे आहेत सगळे."

"मी म्हणलंच व्हतं!" येसूबाईचा चेहरा उजळला. काकांना तिच्याकडे पाहवेना.

आतून चैताली चहा घेऊन आली. बावीस वर्षांची, ओढणी मनगटांपर्यंत ओढलेली. कप तिनं त्यांच्या हातात दिला नाही, जवळच्या कट्ट्यावर ठेवला. किती लोकांनी हात आखडते घेतले असतील, तेव्हा ही सवय लागली असेल. काकांनी कप उचलला नाही. हात पुढे केला आणि धरून ठेवला. मुलगी क्षणभर गोंधळली, मग कप उचलून तिनं त्यांच्या हातात दिला. तिची बोटं पांढरी होती, अमिनाची होती तशीच.

"शनिवारचा बाईंचा निरोप तूच ऐकलास ना?" त्यांनी विचारलं. "असेल अजून फोनवर, तर मला ऐकायचा होता."

चैताली आईकडे बघून हसली. येसूबाईही हसायला लागली.

"आवो, त्या निरोपाची गंमतच हाय," येसूबाई म्हणाली. "मी हिला म्हणलं, नीट आईक, चांगले धडधाकट मासे टाकायला बाई कशाला सांगतील? तर ही म्हणती कशी..."

"मी म्हटलं," चैताली म्हणाली, "अगं आई, जगात एक तरी जागा अशी आहे, जिथं कोड असलेल्यांना ठेवतात आणि नसलेल्यांना बाहेर काढतात. जा, काढ सगळ्यांना!"

"कितीक दिसांनी हसली व्हती त्या दिशी. वरसभरात पयल्यांदा," येसूबाई डोळे पुसत म्हणाली. "म्या त्या आनंदातच गेले कामाला."

चैतालीनं ओढणीतून फोन काढला. "मी पुसलाच नाही तो. मन उदास झालं की लावते." तिनं बटण दाबलं. शुभदाचा घाईतला आवाज ओसरीभर झाला. येसूबाई, खालच्या रांगेत ज्यांना कोड नाही, ते सगळे आज काढून टाका. चैताली पुन्हा हसली. ओठांच्या कडेच्या पांढऱ्या डागांसकट ती फार सुरेख हसत होती, आणि इनायतकाकाही तिच्याबरोबर हसले.

वही खिशात होती. त्यांनी ती बाहेर काढली नाही.

निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तिला थोडा वेळ लागला.

"काका, तुम्ही पाहिलेत ना ते मासे? खरं सांगा. होतील का हो कधी बरे?"

इनायतकाका थांबले. झाले होते, हे खरं उत्तर होतं. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या जबानीतलं भूतकाळाचं क्रियापद कधी बदललं नव्हतं.

"होतील," ते म्हणाले.